हत्यारपेटी : वायरवाल्या रेसिप्रोकेटिंग सॉबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्याचं टपाल जवळजवळ सगळं एकाच हत्यारावर आहे : पुढे लांब पातं लावलेली, मागे-पुढे धावणारी वायरवाली करवत. कोणी तिला रेसिप्रोकेटिंग सॉ म्हणतं, कोणी सेबर सॉ, कामावरची पोरं नुसतं ‘रेसिप्रो’. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. माझा बाक दुरुस्तीचा आहे. माझ्याकडे येणारं मशीन बिघडूनच आलेलं असतं, तेव्हा माझी मतं त्या बाजूला जरा झुकलेली असणार.

जुन्या दुमजली लाकडी घराचं पाडकाम घेतलंय आणि त्याच जागी नव्या लाकडी सांगाड्याचं कामही आहे. ११०० वॅटची करवत घ्यावी की १५०० ची? विकणारा म्हणतो, जास्त वॅट म्हणजे जास्त ताकद.

वॅटवरून करवत वीज किती खाते ते कळतं. कापते किती, हे अर्धंच कळतं. या जातीच्या पूर्ण आकाराच्या करवती साधारण १००० ते १५०० वॅटच्या असतात. जिथे वीज १२० व्होल्टची, तिथे वॅटऐवजी १० ते १५ अँपिअर असं लिहिलेलं दिसेल. एवढी मोटर पाडकामाला पुरते. मी आधी स्ट्रोक बघतो, म्हणजे पातं एका खेपेत किती मिलिमीटर सरकतं ते. बहुतेकांचा २८ ते ३२ असतो. चार मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण प्रत्येक खेपेला दाता १४ टक्के जास्त लाकूड ओलांडतो आणि अशा खेपा मिनिटाला २७०० ते ३००० होतात.

स्ट्रोकचं महत्त्व नुसत्या वेगापुरतं नाही. १०० मिलिमीटर जाडीच्या वाशात २८ मिलिमीटर स्ट्रोकचं पातं घातलं, की मधला दाता लाकडाबाहेर कधी येतच नाही. त्याने खरवडलेला भुसा दोन दात्यांमधल्या खाचेत अडकून तिथेच मागे-पुढे फिरत राहतो. खाच भरली की दाता लाकडाला टेकायचा थांबतो, पातं नुसतं घासतं, तापतं, धूर येतो. मग लोक म्हणतात मशीनमध्ये दम नाही. दम आहे, भुशाला वाट नाही. म्हणून जाड लाकडात करवत सरळ दाबून धरू नका. बूट, म्हणजे पात्याच्या मुळाशी असलेली, लाकडाला टेकवायची धातूची पट्टी, टेकलेला ठेवून मागचा हात हळूहळू वर-खाली झुलवा. पातं तिरकं झालं की एका वेळी लाकडाचा थोडाच भाग दात्यांखाली येतो आणि भुसा सुटतो. काही मशीनमध्ये ऑर्बिटलची कळ असते, ती हेच काम थोडंफार स्वतः करते : कापताना पातं लाकडात रेटते, परतताना किंचित उचलते. लाकडाला ती चालू, धातूला बंद. धातूवर ऑर्बिटल चालू ठेवली की दाते झडलेच.

आता दुरुस्तीवाल्याचा आग्रह ऐका : क्लच असलेलं मशीन घ्या. पाडकामात पातं अडकणारच. वासा खचतो, चीर मिटते, पातं जागच्या जागी थांबतं आणि मोटर मात्र धावत असते. क्लच असेल तर तो घसरतो आणि झटका तिथेच संपतो. नसेल तर झटका गिअरच्या दातांवर जातो. माझ्याकडे दात झडलेले गिअर घेऊन येणाऱ्या करवती बहुतेक बिनक्लचच्याच असतात.

वजन हातात धरून बघा, आणि तेही डोक्याच्या वर. दोन उदाहरणं देतो. बॉशची जीएसए ११०० ई ही ११०० वॅटची, २८ मिलिमीटर स्ट्रोकची, चार किलोला जरा कमी. मकिताची जेआर३०७०सीटी १५१० वॅटची, ३२ मिलिमीटर स्ट्रोकची, साडेचार किलोच्या आसपास, आणि तिला ऑर्बिटल व क्लच दोन्ही आहेत. जमिनीलगतची जाड लाकडं दिवसभर कापायची असतील तर दुसऱ्या जातीची घ्या. शिडीवर उभं राहून छताचे वासे सोडवायचे असतील तर पहिल्या जातीची. तुमच्या पत्रात माडी आहे, छत आहे, आणि नंतर सांगाडाही आहे. मी हलकी घेईन आणि उरलेले पैसे पात्यांत घालीन. दुसऱ्याच पत्राकडे वळू, म्हणजे हे का म्हणतो ते कळेल.

नवं पातं लावलं की पाच-दहा मिनिटं झकास चालतं, मग बोथट. करवतीत काही दोष आहे का?

दोष करवतीत नाही, निवडीत आहे. तुम्ही लिहिलंय की एकच पातं लाकूड, खिळे आणि पाण्याचा लोखंडी पाइप या तिन्हीला वापरता. तिन्हीला पुरणारं पातं मी अजून पाहिलेलं नाही.

पात्यावर टीपीआय हा आकडा छापलेला असतो, म्हणजे एका इंचात दाते किती. स्वच्छ लाकडाला ५ किंवा ६. खिळे असलेल्या लाकडाला १० च्या आसपास. काही पात्यांवर १०/१४ असतं, त्यात दात्यांचं अंतर आलटून-पालटून बदलतं, त्याने थरथर कमी होते. धातूला १४, १८, २४. धातूत एक नियम पाळलाच पाहिजे : पाइपच्या किंवा पत्र्याच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते बसले पाहिजेत. १८ टीपीआयमध्ये दोन दात्यांत १.४ मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे ते पातं साधारण चार मिलिमीटर जाडीपासून पुढे. त्याहून पातळ असेल तर २४ घ्या. दोन मिलिमीटरच्या पाइपवर ६ टीपीआयचं पातं लावलं, तर पाइपची कड दोन दात्यांच्या मधल्या खड्ड्यात शिरते आणि पुढचा दाता मोडूनच बाहेर येतो. एक गेला की शेजारचा जातो. पुढे पाच मिनिटांत काय होतं ते तुम्ही लिहिलंच आहे.

पाडकामासाठी बायमेटल पातं घ्या. त्याच्या पाठीचं पोलाद लवचिक असतं, दात्यांची कड हायस्पीड स्टीलची, आणि दोन्ही वेल्डिंगने जोडलेली. पाठ वाकते पण तुटत नाही, दाता खिळ्यावर टिकतो. पाडकामाला ते जाडच हवं : १.३ किंवा १.६ मिलिमीटर, आणि रुंदीला इंचाच्या जवळपास. पातळ ०.९ ची पाती पाइपला किंवा अरुंद जागेत बरी, वाशात ती सापासारखी वळवळतात. कठीण केलेले स्क्रू, बीड, स्टेनलेस यांच्यासाठी कार्बाइडचे दाते लागतात. महाग असतात, पण बीडाच्या जाड पाइपवर चार-पाच बायमेटल पाती खर्ची घालण्यापेक्षा स्वस्त पडतात.

वेगही बघा. लाकडात ट्रिगर पूर्ण दाबा. धातूत अर्धा किंवा त्याहून कमी, स्टेनलेसला तर आणखी हळू. धातूवर पूर्ण वेग म्हणजे दाते तापणार, आणि तापून निळा पडलेला दाता कापत नाही.

एक सोय बहुतेकजण वापरत नाहीत. पुढचा बूट मागे-पुढे सरकतो. पातळ मालावर नेहमी तोच इंचभर भाग झिजतो, बाकीचे दाते नवेच राहतात. बूट पुढे सरकवला की दात्यांचा कोरा भाग कामाला येतो. टोकाकडचे दाते गेले असतील, पण बुंध्याकडचे शाबूत असतील, तर झिजलेला भाग ग्राइंडरने तिरका कापून टाका. पातं आखूड होईल, पण चालेल. मात्र पुढच्या उत्तरातला लांबीचा हिशोब लक्षात ठेवा. वाकलेलं पातंही फेकू नका, ऐरणीवर हातोडीने सरळ होतं.

काका, मी नवीन आहे. उस्तादांच्या हातात करवत शांत चालते, माझ्या हातात उड्या मारते. परवा पातं वाकून काटकोनात आलं.

तुझा बूट लाकडाला टेकत नाही. एवढंच. बूट लाकडावर नसेल तर पातं लाकूड कापायच्या ऐवजी मशीनला पुढे-मागे ओढतं, आणि तू त्याच्याशी झटापट करतोस. आधी बूट दाबून टेकव, मग ट्रिगर. कापून झाल्यावर आधी ट्रिगर सोड, पातं थांबू दे, मग उचल. उस्तादांचे हात नीट बघ : पुढच्या हाताचा जोर पात्यावर नसतो, बुटावर असतो.

काटकोनात वाकलं त्याचं कारण बहुधा वेगळं आहे. पातं आखूड पडलं असणार. मालाची जाडी, त्यात स्ट्रोकचे तीसेक मिलिमीटर, आणि वर थोडी सवड, एवढं पातं बुटाच्या पुढे असायलाच हवं. कमी असेल तर मागे जाताना टोक चिरेतून बाहेर येतं आणि पुढे येताना चिरेऐवजी लाकडावर आपटतं. टोकापुढे भिंत किंवा दुसरा वासा असला तरी तेच. आणि वासा कापताना तो कुठे टेकलाय ते आधी बघ. दोन्ही टोकांना आधार असला तर मधे कापताना चीर मिटते आणि पातं पकडते. सुटणारा भाग मोकळा खाली जाईल अशा जागी काप, किंवा चिरेत पाचर ठोक.

सांगाड्याच्या कामात हिचा खरंच उपयोग आहे का? आमच्याकडे सर्क्युलर सॉ आहे, ती सरळ आणि साफ कापते.

नवे वासे मापाने कापायला उपयोग नाही, आणि कोणी आहे म्हणाला तर त्याचा काटकोन तपासा. जाड लाकडात हे पातं वाहवतं. वरच्या बाजूला रेघेवर असतं, खालच्या बाजूला बोटभर सरकलेलं. हिचं काम सर्क्युलर सॉ जिथे पोचत नाही तिथे सुरू होतं.

पहिलं, जाड लाकूड. १८५ मिलिमीटर चकतीची सर्क्युलर सॉ साधारण ६५ मिलिमीटर खोल जाते. १५० बाय १५० चा खांब चारही बाजूंनी कापला तरी मधे २० बाय २० चा गाभा उरतो. तो या करवतीने उडवा. चारही चिरा पात्याला वाट दाखवतात, त्यामुळे इथे पातं वाहवत नाही.

दुसरं, दाराची जागा. भिंतीचा सांगाडा उभा केल्यावर दाराच्या उंबऱ्याशी तळपट्टी आडवी राहते, ती कापून काढायची असते. खाली काँक्रीट असेल तर पात्याचे दाते तिथेच संपतात. सांगाडा आडवा असतानाच तळपट्टीच्या खालच्या अंगाला, दाराच्या दोन्ही खुणांवर, सर्क्युलर सॉने दोन-तृतीयांश खोल चीर घेऊन ठेवा. उभा केल्यावर वरून उरलेला तुकडा कापला की काम झालं, पातं जमिनीला लागत नाही. पातं उलटं, म्हणजे दाते वर करून लावता येतं, तेही अशा कोपऱ्यांत जमिनीलगत कापायला कामी येतं.

तिसरं, चुकीच्या जागी ठोकलेला उभा वासा. पहारीने उपटलात तर वासाही फुटतो आणि पट्टीही. वासा आणि पट्टी यांच्या फटीत १४ किंवा १८ टीपीआयचं पातळ पातं सारा आणि नुसते खिळे कापा. वासा हातात येतो, अखंड. याच कामासाठी मी हे हत्यार सांगाड्याच्या गाडीत टाकीन. मिल्वॉकी कंपनीने १९५१ साली सॉझॉल नावाची आपली अशी पहिली करवत बाजारात आणली, तेव्हापासून मोटर, गिअर आणि मागे-पुढे धावणारा दांडा एवढाच हिचा पसारा आहे. पण फटीत घुसून खिळा कापायला आजही दुसरं हत्यार इतकं सोयीचं नाही.

खिडकीसाठी बाहेरच्या प्लायमध्ये भोक पाडायचं असेल तर कोपऱ्यात ड्रिलने छिद्र घ्या आणि पातं आत घाला. छिद्राविना बुटाच्या कडेवर मशीन तोलून पातं हळूहळू खुपसताही येतं, पण ते लाकडात आणि प्लायमध्येच. धातूत असं खुपसू नका.

काँक्रीट कापते का?

नाही. हलके फुगीर ब्लॉक किंवा गिलावा कार्बाइडच्या पात्याने कापतो. काँक्रीटला वेगळं मशीन आणा.

जुन्या भिंतीत वायरी आणि पाइप कुठे आहेत ते माहीत नाही. कापायला सुरुवात कशी करावी?

माहीत नसेल तर सुरुवात करू नये. माझ्या सदरात एवढ्या कठोरपणे मी क्वचित लिहितो.

भिंतीतून जाणारी सगळी वीज मुख्य स्विचवरून बंद करा, आणि बंद झाली हे टेस्टरने त्या भिंतीच्या प्रत्येक बोर्डावर तपासा. टेस्टर आधी चालू जागेवर लावून तो चालतो ना, ते बघून घ्या. मग प्रश्न येतो की वायरवाली करवत चालवायची कशावर. पाडकामाशी संबंध नसलेल्या वेगळ्या सर्किटवरून किंवा जनरेटरवरून वीज आणा, आणि मधे ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, लावा. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. त्याने मशीनच्या आतली वीज तुमच्यापर्यंत येत नाही. पण पात्याने भिंतीतली चालू वायर कापली तर पातं आणि पुढचा धातूचा भाग जिवंत होतात, म्हणून पुढचं रबरी आवरण काढून कोणी वापरत असेल तर त्याला थांबवा. पाणी आणि गॅस मुख्य कॉकवर बंद करा.

मग आधी हातोडीने गिलाव्याला मोठं भोक पाडा आणि टॉर्च लावून आत बघा. पोकळ भिंतीत पातं आडवं, भिंतीला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे टोक आत फार शिरत नाही.

दोन गोष्टी करवतीच्या नाहीत, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. भिंत वजन पेलते का, हे इंजिनिअरकडून लिहून घेतलंय का? आणि जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे किंवा पाइपावरचं जुनं पांढरं आवरण असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते तपासून घेईपर्यंत करवत लावू नका. जुना रंग शिशाचा असू शकतो, त्याची धूळही फुफ्फुसात जायला नको.

आणि हो, स्वतःच्या मशीनची वायर खांद्यावरून मागे टाका. माझ्याकडे वायर बदलायला येणाऱ्या करवतींपैकी बऱ्याच स्वतःच्याच पात्याने कापलेल्या असतात.

दिवसभर पाडकाम केलं की संध्याकाळी बोटांना मुंग्या येतात, थंडीत दोन बोटं पांढरी पडतात. हातमोजे बदलू का?

हातमोजे नंतर, आधी डॉक्टर. बोटं पांढरी पडणं हे थरथरीने रक्तवाहिन्या आणि नसा दुखावल्याचं लक्षण असू शकतं, आणि ते पुढे गेलं तर परत फिरत नाही.

हिशोब बघा. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात हाताला बसणाऱ्या थरथरीचे, आठ तासांच्या सरासरीने, दोन आकडे आहेत : २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाल्यावर उपाय सुरू करायचे, ५ च्या वर जायचंच नाही. या करवतींच्या माहितीपत्रकात थरथर २० च्या आसपास छापलेली सहज सापडते. वेळ वर्गाच्या प्रमाणात घटतो. २० च्या मशीनवर ट्रिगर दाबलेला साडेसात मिनिटं झाली की पहिली मर्यादा गाठते, अर्ध्या तासात दुसरी. साडेसात मिनिटं! आणि आपण दिवसभर म्हणतो. विकत घेताना पुठ्ठ्यावरच्या वॅटच्या शेजारी हा आकडा वाचा, १२ आणि २२ मधे फार अंतर आहे.

कामात काय करता येईल ते सांगतो. ट्रिगरचा वेळ मोजा, कामाचा नव्हे. दोघांनी आलटून-पालटून चालवा. बोथट पातं लगेच बदला, कारण त्याने वेळही वाढतो आणि थरथरही. मूठ आवळून धरू नका, जोर बुटावर द्या. हात गरम ठेवा. थरथर कमी करणाऱ्या हातमोज्यांवर भिस्त ठेवू नका, हात गरम राहतात एवढाच त्यांचा भरवशाचा फायदा. जिथे पहारीने निघतं तिथे पहार वापरा. कान आणि डोळे झाकायचे हे सांगायला नको, तरी सांगतो.

५० मीटर एक्स्टेंशनवर करवत मंदावते आणि तापते.

वायर बारीक आहे. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या ५० मीटर तांब्याच्या वायरीत, जाऊन-येऊन, सव्वादोन ओहम रोध होतो. २३० व्होल्टवर ११०० वॅटचं मशीन पाचेक अँपिअर घेतं, म्हणजे ११ व्होल्ट वाटेतच गेले. पातं अडकताना त्याहून जास्त. १२० व्होल्टवरचं १५ अँपिअरचं मशीन असेल तर ३० च्या वर व्होल्ट जातात, ते चालणारच नाही. तिथे अडीच चौरस मिलिमीटर लागेल, २३० ला दीड पुरेल. आणि गुंडाळीची रीळ वापरत असाल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर आतल्या आत वितळते.

पातं क्लॅम्पच्या तोंडाशीच तुटलं, शेपूट आत अडकलं. दुरुस्तीला पाठवू का?

लगेच नको. प्लग काढा. दांडा पुढे आलेला नसेल तर क्षणभर प्लग लावून ट्रिगर टिचकीने दाबा, दांडा पुढे येऊन थांबेपर्यंत, आणि प्लग परत काढा. क्लॅम्पचं कडं फिरवून उघडं धरा, मशीनचं तोंड जमिनीकडे करा आणि हलवा. बहुतेक वेळा शेपूट पडतं. नाही पडलं तर बारीक पात्याचं टोक शेपटाच्या भोकात अडकवून ओढा. कडं फिरतच नसेल तर आत भुसा आणि गंज आहे : ब्रशने झाडा, पातळ तेलाचे दोन थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा. ग्रीस लावू नका, त्याला भुसा चिकटून पुन्हा तेच होईल. एवढं करूनही हललं नाही तर पाठवा, आणि सोबत कार्बन ब्रशही, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, बघायला सांगा. मागे ठिणग्यांचं वर्तुळ दिसत असेल तर ते संपत आले आहेत, आणि बदलायचे तर दोन्ही एकदम.